मांडववाल्या मारोतीची गोळी

निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी शाल दिली, नारळ दिला आणि भाषणात सांगितलं, की मॅडमनी रुग्णांची मोठी सेवा केली. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी शाल उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात होता, पण कोणाला सुई टोचताना तर तुम्हाला कधी पाहिलं नाही. मग करत काय होता?"

"बोलत होते," मी म्हणाले.

"बोलायचा पगार देतात?"

देतात. एचआयव्हीच्या तपासणीला आलेल्या माणसाला धीर द्यायचा, रक्त द्यायला राजी करायचं, आणि रिपोर्ट आला की दार लावून तो त्याला एकट्याला समजावून सांगायचा, हे समुपदेशकाचं काम. त्यानंतर मात्र बाकी सगळ्या जगापुढं तोंडाला कुलूप. त्यामुळे काकूंना मी सांगितलं, की अर्धा पगार बोलण्याचा आणि अर्धा न बोलण्याचा असतो. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते न बोलण्याला पगार मिळाला असता तर त्यांचे यजमान कोट्यधीश झाले असते.

घरी बसवेना, म्हणून मी हिंगोलीतच एका संस्थेच्या छोट्या दवाखान्यात जाऊ लागले. तिथं एक नवीन गोष्ट माझ्या हाती आली. प्रेपची गोळी. ज्याला एचआयव्ही झालेला नाही, पण होण्याचा धोका आहे, त्यानं तो होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी. मी जन्मभर आजार झालेल्यांशी बोलले होते. न झालेल्या माणसाला औषध घ्यायला सांगणं हे काम भलतंच अवघड निघालं.

आधी मी हेल्मेटचं उदाहरण द्यायची. पण आमच्याकडे हेल्मेट घालतो कोण? मग एक दिवस सोयाबीन पेरणाऱ्या माणसासमोर मला सुचलं. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळता ना? बियाणं सडलेलं नसतं, सडू नये म्हणून चोळता. ही गोळी तशीच. त्यानं मान डोलवली आणि विचारलं, "मंग हे एकदाच चोळायचं का दर साली?" रोज, म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. साखऱ्याकडचे एक गृहस्थ आले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की ही गोळी ताकदीची आहे. नाही म्हटलं तर म्हणाले, "मंग झोपेची तरी हाय का?" आमची चांदनी तृतीयपंथी. ती गोळी पावडरच्या डब्यात ठेवायची आणि टीव्हीवर तिच्या आवडीच्या मालिकेचं गाणं लागलं की घ्यायची. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "मॅडम, लाइट गेली. मालिका लागंना. आता गोळी कवा घेऊ?" गोळीचा मालिकेशी संबंध नाही, हे तिला माहीत होतं. पण मालिकेत काय झालं असेल, हे बोलायला तिला कोणीतरी हवं होतं. आम्ही बराच वेळ बोललो. गोळी तिनं बोलता बोलता घेतली.

अशातच मारोती आला. इथं सांगून ठेवते, की ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारून लिहिते आहे, आणि नावं, गावं, धंदे सगळे फिरवले आहेत. तेव्हा शिरड शहापूरला जाऊन मांडववाल्याला काही विचारू नका.

मारोतीचा मांडवाचा आणि डीजेचा धंदा. घरी म्हातारी आई, गिरजाबाई. दुसऱ्याच्या लग्नाचे मांडव घालता घालता गड्याची तिशी उलटली होती. मांडवाच्या झालरी शिवून घ्यायला तो औंढ्याला रेखाच्या शिलाईच्या दुकानात जायचा. झालरी काही दरमहा फाटत नाहीत. याच्या फाटू लागल्या.

रेखाला मी ती एवढीशी असल्यापासून ओळखत होते. तिला जन्मापासून एचआयव्ही. आईवडील गेले, मावशीनं वाढवली. औषधं नीट घेत मोठी झाली, शिवण शिकली, दुकान टाकलं. मारोतीनं लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं मशीन थांबवून सगळं सांगितलं होतं. तो उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणाला, "मला त्यातलं काय समजत न्हाई. ज्याला समजतं त्याच्याकडं पाठव." तिनं माझ्याकडं पाठवला.

"मॅडम, त्याची लस हाय म्हनं. टोचा."

"लस नाही, गोळी आहे."

"गोळी तर गोळी. द्या."

असं देता येत नाही, आधी तुझं रक्त तपासावं लागतं, असं मी म्हटल्यावर तो पहिल्यांदा घाबरला. आजाराला नव्हे, सुईला. चार माणसांच्या उंचीवर बांबूला लटकणारा माणूस सुई पाहून डोळे मिटून बसला. रिपोर्ट साफ आला. मूत्रपिंड ठीक आहे का, तेही पाहिलं. मग डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं. एरवी औषध नीट चालू असलं आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की माणसाकडून जोडीदाराला लागण होत नाही. पण रेखाच्या जुन्या गोळ्यांचा गुण कमी पडू लागला होता आणि औषध नुकतंच बदललं होतं. विषाणू दबायला थोडा काळ लागणार होता. तोवर मारोतीनं रोज ही गोळी घ्यायची, दर तीन महिन्यांनी तपासणी करायची, आणि निरोधही वापरायचा, कारण ही गोळी बाकीचे गुप्तरोग अडवत नाही आणि दिवस जाणंही अडवत नाही.

"लग्न थोडं पुढं ढकला की," मी म्हटलं.

"तारीख धरली, मॅडम. आईनं पत्रिका बगून धरली. आता काय म्हनून मोडू?"

"आईला सांगितलं का?"

मारोती छताकडं बघू लागला. रेखा म्हणाली, "मी रोज म्हनते, सांगू. हे म्हनतेत, मांडव उतरल्यावर सांगू."

सांगायचं की नाही हा निर्णय रेखाचा, कारण आजार तिचा. मी एवढंच म्हणाले, की घरात लपवलेली गोष्ट मांजराच्या पिलासारखी असते, ओरडल्याशिवाय राहत नाही.

ती ओरडली धुण्याच्या दिवशी. गिरजाबाईंना पोराच्या पँटच्या खिशात गोळ्यांची डबी सापडली. त्यांच्या नणंदेचा मुलगा प्रकाश गावातच मेडिकल चालवायचा. त्यानं डबी फिरवून पाहिली आणि हळूच सांगितलं, "मामी, ही त्या मोठ्या रोगाची गोळी हाय." तो खोटं बोलला नव्हता. त्या रोगाच्या उपचारातही हे औषध असतं. डबीच्या पिशवीवर आमच्या दवाखान्याचा शिक्का होता. गिरजाबाईंनी पहिली एसटी धरली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. उंच, काटक बाई. डबी त्यांनी टेबलावर ठेवली.

"माझ्या पोराला हाय का न्हाई, येवढंच सांगा."

"गिरजाबाई, कोण इथं येतं आणि कशाला येतं, ते मला कोणालाच सांगता येत नाही. तुमच्या मुलालाच विचारा."

"त्याला इचारलं तर तो छताकडं बगतो."

हे खरंच होतं. मी गोळीबद्दल सर्वसाधारण सांगितलं. ही आजार झालेलेही घेतात, आणि ज्यांना तो झालेला नाही ते होऊ नये म्हणूनही घेतात. मला वाटलं, त्यांना जरा आधार वाटेल. गिरजाबाईंनी दोन बोटं पुढं केली.

"म्हंजी एक तर त्याला रोग हाय. न्हाई तर रोग व्हईल अशा जागी तो जाऊन राहिला."

तिसरी शक्यता माझ्या जिभेवर होती आणि ती सांगायची सोय नव्हती. अशा वेळी अर्धा नाही, पुरा पगार न बोलण्याचाच असतो. मी पाणी पुढं केलं.

"कसंबी असलं तरी त्या पोरीचा दोष न्हाई," गिरजाबाई म्हणाल्या. "बिनआईबापाचं लेकरू. तिला खड्ड्यात लोटली तर देव मला इचारंल. मी आत्ताच औंढ्याला जाते आन तिला सांगते, हे लग्न मोड."

आणि डबी उचलून त्या निघाल्या. पोराच्या आईनं मुलीला स्वतःच्या पोरापासून वाचवायला निघावं, हे माझ्या उभ्या नोकरीत घडलं नव्हतं. मी दारापर्यंत मागं गेले. पण म्हणणार काय?

मारोतीला मी फोन लावला. तो त्या दिवशी नरसी नामदेवला एका लग्नाचा मांडव सांभाळत होता. फोन उचलला, मागं डीजे दणाणत होता.

"मारोती, तुझी आई येऊन गेली," मी ओरडले.

"आं?"

"आई येऊन गेली. लगेच औंढ्याला जा."

फोन कट झाला. डीजेच्या आवाजात मारोतीला एवढंच ऐकू आलं होतं, की आई गेली.

त्यानं तिथंच डीजे बंद केला. वरात थांबली. नवरीचा बाप भांडायला आला आणि ह्याचे डोळे पाहून उलट पाठीवर हात ठेवून गेला. मारोती मोटारसायकलवर बसून रडत शिरडला निघाला, आणि त्याच्या धंद्यातल्या जोडीदारानं गावात फोन करून खबर दिली.

तिकडे औंढ्यात गिरजाबाई दुकानात पोचल्या होत्या. रेखा मशीनवर बसली होती, मावशी आत भाजी निवडत होती. गिरजाबाईंनी डबी कपड्यांच्या ढिगावर ठेवली.

"पोरी, हे लग्न मोडून टाक. माझ्या पोराला तो मोठा रोग हाय. तुज्या तोंडावर सांगायला आले. माझ्या नावानं मोड. मीच वाईट व्हते."

रेखानं डबीकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. आत मावशीलाही कळलं. मावशी दाराच्या फटीतून हातानं खूण करू लागली, गप बस. गप बसणं सोपं होतं. लग्न मोडलं असतं, पण दोष मारोतीवर गेला असता आणि रेखाचं गुपित जन्मभर गुपित राहिलं असतं. रेखानं मला नंतर सांगितलं, "मॅडम, मी मशीन चालूच ठेवली. सुईखाली कापड न्हवतंच. नुसतीच पाय मारून राहिले."

मग तिनं पाय थांबवला.

"आत्याबाई, रोग त्यांना न्हाई. मला हाय. जन्मापासून. ते ही गोळी माझ्यामुळं घेऊन राहिलेत."

गिरजाबाई खाली बसल्या. पाणी मागितलं. मावशीनं तांब्या आणला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

"मी तुला वाचवायला आले व्हते," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"आता माझ्या पोराला कोन वाचवल?"

रेखानं डबीकडं बोट दाखवलं. "ते रोज घेतेत. मी माझी घेते. दोघं बराबर घेतो."

यावर गिरजाबाई काय म्हणाल्या असत्या ते कोणालाच कळलं नाही, कारण तेवढ्यात मारोती आला. आईच्या मातीला रेखालाही न्यावं, म्हणून तो वाटेत थांबला होता. दारात उभा राहून त्यानं हुंदका दिला, "रेखा, माझी आई गेली गं." आणि समोर आई तांब्या धरून बसलेली दिसली.

तो तिच्या मांडीवर पडून रडला. पोरावर चिडून निघालेल्या बाईला रागवायला जागाच उरली नाही. "कोन म्हनलं मी गेले?" त्यांनी विचारलं.

"मॅडम म्हनल्या."

"त्या बाईला इतकं इचारलं तवा तोंड उघडलं न्हाई," गिरजाबाई म्हणाल्या, "आन उघडलं तर मलाच मारलं."

संध्याकाळी त्या शिरडला पोचल्या तर अंगणात माणसं बसलेली. नणंद भिंतीला टेकून गळा काढत होती. गिरजाबाईंनी गर्दीत वाट काढत विचारलं, "कोन गेलं व?" नणंदेचा आवाज वरच्या पट्टीतच अडकला. मग आलेल्या सगळ्यांना चहा करावा लागला, तो खुद्द मयतानंच केला.

चार दिवसांनी तिघंही माझ्याकडं आले. रेखा म्हणाली, "मॅडम, आता आत्याबाईंना सगळं सांगा. माझी ना न्हाई." गिरजाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. एका ताटात जेवलं तर? काही होत नाही. कपडे एकत्र धुतले तर? नाही. "मंग मीबी एक गोळी चालू करू का? एका घरात ऱ्हायचं तर." नको. शेवटी आवाज खाली आणून, "लेकरू?" मी सांगितलं, की रेखानं औषध नीट घेतलं, विषाणू दबलेला ठेवला आणि बाळालाही जन्मल्यावर औषध दिलं, तर बाळाला होण्याची भीती अगदी थोडी उरते. आमच्या हातून अशी धडधाकट लेकरं शाळेत गेली आहेत.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मला इचार करू द्या." आणि लग्नाची तारीख त्यांनीच पुढं ढकलली.

त्यांना दोष देणं मला जमलं नाही. प्रेप आमच्या हाती येण्याआधीची माणसं मला आठवत होती. नवरा बाधित, बायको साफ, अशी कितीतरी जोडपी माझ्यासमोरच्या खुर्च्यांवर बसली. माझ्याकडे द्यायला निरोधाची पाकिटं आणि उपदेश. कळमनुरीकडची एक बाई एकदा म्हणाली होती, "मॅडम, तुमी सांगता ते मला पटतं. त्याला कोन सांगल?" पुढच्या तपासणीत तिचा रिपोर्ट मीच दार लावून तिला सांगितला. तिच्या हातात स्वतःची अशी एखादी गोळी असती, तर तिला त्याची परवानगी मागावी लागली नसती. ती बाई अजून स्वप्नात येते.

इकडे शिरडमध्ये वेगळंच सुरू झालं. प्रकाशनं डबीची गोष्ट फक्त बायकोला सांगितली, तीही शपथ घालून. शपथेवर सांगितलेली गोष्ट गावात सगळ्यात जोरात पळते. मारोतीला रोग आहे, असं झालं. मांडव दुसऱ्या गावाहून येऊ लागले, जणू रोग बांबूला चिकटतो. मारोतीला एका वाक्यात सुटता आलं असतं. रोग मला नाही, तिला आहे. तो ते वाक्य बोलला नाही. चावडीवर कोणी टोमणा मारला की तो छताकडं बघायचा, आणि चावडीला छत नसलं तर आभाळाकडं.

गिरजाबाई हे घरात बसून बघत होत्या.

पुढं शिरडच्या महिला बचत गटाच्या बैठकीत मला आरोग्यावर बोलायला बोलावलं. बोलून झालं, आणि मागून एका बाईनं विचारलं, "मॅडम, त्या रोगाच्या मानसाच्या मांडवात जेवलं तर चालतं का?"

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. गिरजाबाई तिथं बसल्या होत्या. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याच उठल्या.

"मॅडम, तुमी बसा. तुमाला बोलता येत न्हाई, मला ठाव हाय." मग बायांकडं वळल्या. "मारोतीचं रक्त तपासलंय. त्याला काय बी न्हाई. गोळी घेतो ती खरी. होऊ नये म्हनून घेतो. तुमी बियाण्याला औषध चोळता तवा म्या कवा म्हनलं, तुमचं बियाणं सडकं हाय?"

"पर त्याला काहून लागती गोळी?" तीच बाई म्हणाली. "कुनापायी?"

रेखा आता या गावात ओळखीची होती. एक नाव घेतलं असतं, तर पोरगा तिथल्या तिथं सुटला असता.

"माझ्या घरातलं मी सांगायचं," गिरजाबाई म्हणाल्या, "तर आदी तू तुझ्या घरातलं सांग. तुझा नवरा नांदेडला जाऊन ऱ्हातो, तो काहून, ते सांग. मंग माझी पाळी."

बैठक तिथंच संपली. प्रसाद वाटला गेला.

बसथांब्यापर्यंत त्या माझ्यासोबत आल्या. एसटी दिसली तेव्हा म्हणाल्या, "मांडव तसाबी रिकामा पडून हाय. घरचंच कार्य उरकून घेतो." मला इतका आनंद झाला, की मी चुकीच्या एसटीत चढले आणि वसमतला जाऊन परत आले.

लग्न झालं. मला आग्रहानं बोलावलं, आणि नणंदेशी ओळख करून दिली, "ह्याच त्या, मला मारनाऱ्या." काही महिन्यांनी रेखाचे रिपोर्ट चांगले आले, ते तसेच टिकले, आणि डॉक्टर म्हणाले, मारोतीनं आता गोळी बंद केली तरी चालेल. गिरजाबाईंना ते मुळीच पटलं नाही. चालू आहे ते मोडू नये, असं त्यांचं मत. डॉक्टरांनी सगळं पुन्हा समजावून सांगितल्यावर त्यांनी परवानगी दिली, तीही डॉक्टरांवर उपकार केल्यासारखी.

आता रेखाला औषध न्यायला त्या सोबत येतात. परवा रेखा आत डॉक्टरांकडे होती आणि गिरजाबाई बाहेर बाकावर. शेजारी एक अनोळखी म्हातारी येऊन बसली, पदरानं अर्धं तोंड झाकलेलं. माझ्या खोलीचं दार उघडं होतं. म्हातारीनं हळूच विचारलं, "तुमी कुनासाठी आल्या व? तुमाला हाय का सुनंला?"

"हितं बसून असं इचारू नये, बाई," गिरजाबाई म्हणाल्या.

पदर सावरून म्हातारी आपणहून म्हणाली, "माझी सून आत हाय. मला घरात कोनाला सांगता येईना."

गिरजाबाईंनी पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मोडली आणि ठेच्यासकट तिच्या हातावर ठेवली.

"सरका अशा जवळ," त्या म्हणाल्या. "आदी खाऊन घ्या."